लाकडातला ओलावा मोजायचं मिटर: घेतलं वाद मिटवायला, वाद वाढला

आधी हे सांगते की मी हे मिटर का घेतलं, नाहीतर रिव्ह्यू अर्धवट वाटेल. मामा आणि माझा जुना वाद आहे, सरपणासाठी झाड नेमकं कधी तोडायचं. मामांचं एकच पालुपद, "पानं गळली की तोड, तेव्हा झाडातलं पाणी सगळं मुळात उतरलेलं असतं, लाकूड अर्धं वाळलेलंच मिळतं." आता मामांनी आयुष्यभर कुऱ्हाड चालवली आहे आणि मी चार-पाच वर्षं, त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन शून्य. मी एकदा विचारलं की मामा निलगिरीची पानं कधीच एकदम गळत नाहीत, मग ती कधी तोडायची, तर म्हणाले "तू चहा ठेव."

मग ठरवलं की आता यंत्रालाच विचारू. ऑनलाइन बघितलं तर मोबाईलपेक्षा जरा लहान, टोकाला दोन पिना, मध्ये छोटा स्क्रीन, असलं मिटर दिसलं. लाकडात पिना खुपसा, ओलावा किती टक्के त्याचा आकडा येतो. झालं, मागवलं. वापरून दीड वर्ष झालं, म्हणून आता लिहिते. चार दिवस वापरून पाच स्टार देणाऱ्यांसारखं नाही.

पहिलीच गंमत अशी की ज्या प्रश्नासाठी घेतलं त्या प्रश्नाचं उत्तर हे मिटर देऊच शकत नाही. हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नाही!! डब्यावर काय, आतल्या घडी केलेल्या कागदावर पण नाही, त्यात फक्त सेल कसा बदलायचा त्याची चित्रं आहेत. झालं असं की थंडी संपता संपता बांधावरचा एक शिरीष तोडला, पूर्ण निष्पर्ण होता, नुसत्या वाळक्या शेंगा खुळखुळत होत्या. त्याच्या ताज्या कापावर मिटर लावलं तर आधी ४४, बाजूलाच ५८, परत तिथेच ४९. पुढे पावसाच्या तोंडावर त्याच रांगेतला दुसरा शिरीष तोडावा लागला (वाऱ्याने कलला होता), तो पानांनी गच्च भरलेला, त्याचंही ४६, ६०, ५१ असंच काहीतरी. मला वाटलं पीस खराब आलाय, परत पाठवायच्या बेतात होते.

मग जरा शोधल्यावर कळलं. हे मिटर पाणी मोजतच नाही, दोन पिनांच्या मधून वीज किती अडते ते मोजतं. लाकूड जितकं कोरडं तितका विजेला अडथळा जास्त, आणि त्या अडथळ्यावरून ते ओलाव्याचा अंदाज सांगतं. आता लाकडात पाणी दोन जागी असतं, एक पेशींच्या पोकळीत मोकळं, आणि दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं. ते संपून फक्त भिंतीतलं उरतं तेव्हा ओलावा साधारण २८ ते ३० टक्के असतो, आणि तिथून खाली अडथळा झपाट्याने वाढत जातो, म्हणून तिथे मिटर बरं चालतं. त्याच्या वर मात्र सगळं ओलंच, मिटरला ४५ काय आणि ९० काय फरक फारसा कळत नाही, काहीतरी आकडा फेकतं. खाली ६-७ टक्क्यांच्या आतही भरवसा नाही, पण तेवढं कोरडं सरपण उघड्यावर वाळवून होत नाही त्यामुळे ते सोडा. म्हणजे ताज्या तोडलेल्या झाडात पाणी किती हे बघायला हे मिटर निरुपयोगी. कंपनीने एवढी एक ओळ छापली असती तर काय बिघडलं असतं? याचा एक स्टार मी आत्ताच कापते.

तरी वाद तर मिटवायचाच होता. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. (हे कोणीही करू शकतं, मिटर नसलं तरी.) दोन्ही झाडं तोडली तेव्हाच खोडाच्या मधल्या भागातून बोटभर जाडीची एकेक चकती कापून, लगेच वजन करून, वर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, तेवढी अक्कल होती. त्या चकत्या ओव्हनमध्ये १०३ अंशावर ठेवल्या, दर काही तासांनी वजन, ते उतरायचं थांबेपर्यंत. घरभर विचित्र वास, सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. निष्पर्ण झाडाची चकती ३१८ ग्रॅमवरून १८४ वर आली, पानांनी भरलेल्या झाडाची २९६ वरून १६९ वर. गेलेलं पाणी भागिले कोरडं वजन असं केलं की पहिलीचा ओलावा ७३ टक्के आणि दुसरीचा ७५. दोन टक्क्यांचा फरक!! एकाच झाडाच्या बुंध्यात आणि शेंड्यात याहून जास्त फरक पडत असेल. मान्य आहे की दोन चकत्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण मामांचं "अर्धं वाळलेलं" कुठे गेलं?

आणि विचार केला तर ते बरोबरच आहे. पाणी वर खेचून हवेत सोडतात ती पानं. पानं नसली की खेचणारं कोणी नाही, म्हणून काही खोड रिकामं होत नाही, पाणी आहे तिथेच राहतं. बर्चसारख्या काही झाडांत तर उलटंच दिसतं, नवी पालवी फुटायच्या जरा आधी खोड सगळ्यात ओलं असतं आणि पानं पूर्ण भरात असताना त्यातल्या त्यात कोरडं. झाडाझाडात मात्र फरक प्रचंड असतो. अॅशचं ताजं लाकूड साधारण ४५ टक्के, ओकचं ७०-८० च्या घरात, आणि कॉटनवूड नावाच्या पॉप्लरचं दीडशे टक्क्यांच्या आसपास. दीडशे टक्के वाचून मी पण दचकले होते, पण हिशोब कोरड्या वजनावर असतो ना, म्हणजे एक किलो लाकडामागे दीड किलो पाणी. तेव्हा कोणत्या महिन्यात तोडलं यापेक्षा कोणतं झाड तोडलं यावर ओलावा कितीतरी जास्त ठरतो.

हे टक्क्यांचं एक नीट समजून घ्या, कारण मिटरवाले इथेही गप्प बसतात. मिटरचा आकडा कोरड्या वजनावर असतो, आणि जळणाच्या बाबतीत बरेच जण एकूण वजनावर बोलतात. एक किलो सुकं लाकूड आणि पाव किलो पाणी असेल तर मिटर दाखवणार २५, आणि एकूण वजनाच्या हिशोबाने तेच होतं २०. दोन माणसं तासभर भांडतील आणि दोघंही बरोबर असतील.

आता मिटर चांगलं कुठे आहे ते. वाळत चाललेलं लाकूड मोजायला याला तोड नाही. पहिल्या शिरीषाचं लाकूड मी तोडल्या आठवड्यातच फोडलं, हातभर लांबीच्या चिरफळ्या केल्या, खाली दोन आडवे वासे टाकून थप्पी लावली, वारा आरपार जाईल अशी, वर फक्त एक पत्रा. पुढचे चार महिने कडक ऊन आणि वारं मिळालं. चार महिन्यांनी चिरफळी परत मधून फोडून आतल्या ताज्या बाजूला पिना लावल्या तर १८, १७, १९. दुसऱ्या झाडाचं लाकूड तितकंच फोडलं, तशीच थप्पी, पण लगेच पाऊस सुरू झाला, मी घाबरून चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली (चूक!! आत दमट भट्टी तयार होते, वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा), चार महिन्यांनी बघते तर आकडा २९ आणि टोकांना पांढरी बुरशी, काही तुकड्यांतून भुसा गळतोय म्हणजे भुंगाही लागलेला. हातात घेतलं तरी जड लागत होतं.

म्हणजे मामा हरले पण जिंकले पण. झाड पानगळीत तोडणं बरोबरच आहे, पण पाणी मुळात उतरतं म्हणून नव्हे, पुढे वाळायला अख्खा कोरडा हंगाम हातात मिळतो म्हणून. हा माझ्या दीड वर्षाच्या मोजामोजीचा अर्क आहे. जिथे पावसाळा असतो तिथे पाऊस संपून जमीन कडक झाली की तोडा, म्हणजे पुढचा पाऊस यायच्या आत लाकूड तयार. जिथे बर्फ पडतो तिथे हिवाळ्याच्या शेवटी तोडून वसंत लागायच्या आत थप्पी लागली पाहिजे, सगळा उन्हाळा वाळायला मिळतो. दक्षिण गोलार्धात हेच महिने उलटे, म्हणून महिन्याचं नाव पाठ करून उपयोग नाही, तुमच्याकडे कोरडे महिने कोणते ते बघा आणि तिथून मागे मोजा. मऊ, हलक्या लाकडाला असा एक हंगाम पुरतो, पण ओकसारख्या घट्ट लाकडाला दोन वर्षंही लागतात, तिथे घाई करून काही होत नाही.

पानगळीत तोडायचे बाकीचे फायदे पण आहेत, पटकन सांगते. पानं नसली की कोणती फांदी कुठे अडकलीय, कुठली वाळकी आहे ते दिसतं, झाड पडताना अंदाज येतो, आणि पाल्याचा पसारा उचलायला लागत नाही. गार हवेत बुरशी आणि किडे मंद असतात. पक्ष्यांच्या विणीचा काळ टळतो, तरी तोडण्याआधी घरटी बघाच. आणि ज्यांना बुंध्यापासून परत फुटवे हवेत त्यांनी तर विश्रांतीच्या काळातच तोडावं, तेव्हा झाडाने आपलं अन्न मुळात आणि बुंध्यात साठवून ठेवलेलं असतं, त्या जोरावर पुढच्या हंगामात जोमाने फुटतं. मला तर वाटतं मामांच्या "मुळात उतरतं"चं मूळ इथेच असणार, अन्नाचं पाणी झालं बोलता बोलता. (हे मामांना सांगितलेलं नाही अजून.)

भर हंगामात तोडायचाही एक फायदा आहे आणि तो मला फार आवडला. झाड वाढीला लागलेलं असताना साल लाकडाला घट्ट चिकटलेली नसते. पावसाच्या तोंडावरच्या त्या शिरीषाची साल मी कुऱ्हाडीच्या टोकाने जरा उचकटली आणि हाताने ओढली तर हातभर लांब पट्टा सर्रकन निघाला, खाली लाकूड ओलं, गुळगुळीत, साबण लावल्यासारखं बुळबुळीत. निष्पर्ण झाडाची साल मात्र खरवडून खरवडून हात दुखले, बोटभर बोटभर निघत होती. साल पाणी अडवते त्यामुळे ती निघाली तर वाळायला मदतच. दुसरी एक युक्ती म्हणजे पानांसकट झाड पाडायचं आणि आठ-पंधरा दिवस फांद्या न छाटता तसंच पडू द्यायचं, पानं कोमेजेपर्यंत खोडातलं पाणी ओढत राहतात. मी करून बघितलं, मनगटाएवढ्या फांद्या खरंच हलक्या झाल्या, जाड खोडात मात्र मला काही विशेष फरक जाणवला नाही.

पण मिटरने मला सगळ्यात मोठा धडा दिला तो महिन्याचा नाहीच. पहिल्या झाडाचे, म्हणजे योग्य वेळी तोडलेल्या झाडाचे, चार ओंडके आळसाने न फोडता सालीसकट तसेच ठेवले होते, म्हटलं वाळतील सावकाश. वर्षाने बघितले तर टोकाला छान भेगा पडलेल्या, रंग करडा, मिटर बाहेरून लावलं तर १५. खूश. पाचर ठोकून फोडला आणि मधोमध पिना लावल्या, ३३!! म्हणजे आत अजून ओलंच. लाकडात पाणी शिरांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडतं, आडवं फार हळू, आणि त्यात वरून साल. म्हणून आखूड कापा आणि लगेच फोडा. निलगिरीचं तर ओली असतानाच फोडणं शहाणपणाचं, वाळल्यावर शिरा अशा गुंततात की पाचर अडकून बसते आणि आपण घामाघूम. मी आता चिरफळीच्या टोकावर तोडल्याची नाही तर फोडल्याची तारीख लिहिते.

मिटर वापरताना मी केलेल्या चुका लिहिते म्हणजे तुमच्या वाचतील. बाहेरच्या पृष्ठभागावर लावू नका, तो आकडा फसवा असतो. मी पहिल्यांदा बाहेरून १६ बघून आनंदाने चूल पेटवली आणि घरात इतका धूर की डोळे चोळत सगळे अंगणात, चिरफळीच्या टोकातून फेस येऊन चुर्र चुर्र आवाज. आतून मोजलं तर २७ होतं. नेहमी ताजं फोडून, आतल्या बाजूला, शिरांच्या दिशेने दोन्ही पिना, तीन जागी. गाठीजवळ नको. भर उन्हात तापलेल्या लाकडावर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो, गारठलेल्यावर कमी, म्हणून तुकडा तासभर घरात सावलीत ठेवून मग मोजा. बहुतेक साधी मिटरं डग्लस फर या एका जातीच्या लाकडावर बेतलेली असतात, त्यामुळे बाकी लाकडांत थोडंफार इकडेतिकडे होणारच. मी वाळत आलेल्या बाभळीच्या तुकड्यावर वजनकाट्याने ताडून बघितलं, काटा म्हणाला २२ आणि मिटर २४. सरपणासाठी एवढं चालतंय, आपल्याला फर्निचर करायचं नाहीये. अजून एक म्हणजे बटन चुकून दोनदा दाबलं गेलं की ते लाकडाऐवजी भिंतीची ओल मोजायच्या मोडवर जातं आणि सगळे आकडे भलतेच येतात, माझा एक अख्खा रविवार यात गेला. भाचीने पिना स्वतःच्या तळहाताला लावून "मावशी मी ओली आहे" म्हणून जाहीर केलं तो भाग वेगळा. पिना टोकदार आहेत, लहान मुलांपासून लांब ठेवा.

एवढी मोजामोजी कशाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी साधा हिशोब. माझ्या शिरीषासारखं ताजं लाकूड दहा किलो घेतलं तर त्यात जवळपास सव्वाचार किलो पाणी असतं. ते सगळं आधी उकळून वाफ होऊन जायला हवं, एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.३ मेगाज्यूल लागतात, आणि ती उष्णता तुमच्याच लाकडातून जाते. शिवाय आग थंड पडते, नीट जळत नाही, धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो, आणि तोच थर पुढे कधीतरी पेट घेतो. अमेरिकेची ईपीए (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) २० टक्क्यांच्या आत आणा म्हणते, आणि इंग्लंडमध्ये तर १ मे २०२१ पासून २ घनमीटरपेक्षा कमी जळाऊ लाकूड विकायचं असेल तर ते २० टक्के किंवा त्याहून कोरडं असावंच लागतं. मी घरी मिटरवर २० दिसलं की जाळायला घेते, २५ असेल तर अजून थांबते.

मिटर नसेल तर? दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटा, वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या धप्प. हाताला वजन कळतं, भेगा दिसतात, साल सुटते. मामा हे सगळं डोळे मिटून करतात आणि खरं सांगायचं तर मी मुद्दाम दहा तुकडे त्यांच्या हातात दिले, त्यांनी आठ बरोबर ओळखले, मिटर लावून बघितलं. जे दोन चुकले ते बाहेरून वाळलेले आणि आतून ओले होते, म्हणजे मी फसले तिथेच तेही फसले. त्यावर म्हणाले "तुझं यंत्र पण बाहेरून लावलं तर फसतंच की." बरोबर आहे.

तेव्हा ज्यांचं सरपण दुसऱ्याकडून विकत येतं त्यांनी हे जरूर घ्यावं, विकणाऱ्यासमोर एक तुकडा फोडून आत पिना लावल्या की "चांगलं वर्षभर वाळलंय हो" बंद होतं, मी एकदा २९ दाखवून अर्धी गाडी परत पाठवली आहे. स्वतः तोडून, फोडून दोन हंगाम आधीच थप्पी लावणाऱ्यांना गरज नाही. झाड कधी तोडायचं हे ठरवायला घेणार असाल तर अजिबात नको, त्यासाठी वजनकाटा आणि पावसापाण्याचा अंदाज पुरे.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. एक स्टार त्या माहितीच्या कागदासाठी गेला. अर्धा टोपणासाठी, पिनांवरचं झाकण इतकं सैल आहे की तिसऱ्या महिन्यात थप्पीत कुठेतरी पडलं, आणि मिटर बरोबर चालतंय का ते तपासायचे ठिपके नेमके त्या झाकणातच होते. आता पिनांवर बाटलीचं बूच खोचून ठेवलंय.